पुरे म्हणण्याची सोय

सीरियल पोर्टच्या सेटिंगची खिडकी उघडली की पाच चौकटी दिसतात. पहिल्या चार आपल्याकडे तोंडपाठ आहेत. ऊसकाट्यावरचा क्लार्क, दूध संकलन केंद्रातला ऑपरेटर, भोसरीच्या शेडमध्ये व्हीएमसी मशीन चालवणारा पोरगा, यांपैकी कोणालाही झोपेतून उठवा; तो 'शहाण्णवशे, आठ, नन, एक' असं एका दमात म्हणून दाखवेल आणि कूस बदलून पुन्हा झोपेल. पाचवी चौकट फ्लो कंट्रोलची. तिच्यात पर्याय तीन. नन, हार्डवेअर आणि एक्सऑन-एक्सऑफ. शास्त्र इथवरच. पुढे श्रद्धा सुरू होते.

या श्रद्धेत पंथ आहेत. पहिला ननपंथ. 'आमच्याकडे पहिल्यापासून ननच असतं' हे तो कुलाचार सांगावा तसं सांगतो. दुसरा हार्डवेअरपंथ. सॉफ्टवेअरपेक्षा हार्डवेअर केव्हाही दणकट, एवढाच त्याचा सिद्धांत. अनुयायी सर्वांत जास्त आहेत ते तिसऱ्या, बघूपंथाचे. तिन्ही पर्याय आळीपाळीने लावून बघायचे आणि स्क्रीनवर पहिलं अक्षर उमटेल त्या पर्यायावर जन्माचा शिक्का मारायचा. यात अडचण एकच आहे. फ्लो कंट्रोलचा पहिल्या अक्षराशी काही संबंध नसतो. घेणाऱ्याची जागा भरल्यानंतर येणाऱ्या अक्षराशी असतो, आणि ते अक्षर यायच्या आत इंजिनिअर चहा पिऊन, बिलावर सही घेऊन गावाबाहेर पडलेला असतो.

९६०० बॉडवर सेकंदाला ९६० अक्षरं जातात. आठ बिटांच्या अक्षराला पुढे एक आणि मागे एक असे दोन बिट लागतात, म्हणून भागाकार दहाने. ११५२०० बॉडवर सेकंदाला ११,५२० अक्षरं, म्हणजे दर ८७ मायक्रोसेकंदांना एक. घेणाऱ्याने तेवढ्या वेगाने ती उचलली तर प्रश्नच नाही. पण घेणाऱ्याला दुसरीही कामं असतात. १९८१च्या आयबीएम पीसीत जी ८२५० चिप वापरात होती, तिच्याजवळ आलेलं एकच अक्षर ठेवायची जागा होती. पुढचं यायच्या आत ते उचललं नाही तर गेलं. पुढे सोळा अक्षरांची जागा असलेली १६५५० आली. तिच्या पहिल्या आवृत्तीत नेमकी ती सोळा अक्षरांची जागाच सदोष निघाली, म्हणून नावापुढे 'ए' लावून सुधारित चिप काढावी लागली. अक्षर हरवलं की चिप तशी रीतसर नोंदही करते. 'ओव्हररन' नावाचा बिट वर करते. तो बिट वाचण्याची प्रथा आपल्याकडे नाही.

फ्लो कंट्रोल समजून घ्यायला ग्रंथ नको, लग्नाची पंगत पुरते. वाढपी जिलेबीची परात घेऊन ओळीने येतोय. पान म्हणजे बफर. त्यावर जागा किती ते ठरलेलं. वाढप्याला थांबवायचे मार्ग दोन. एक, पानावर आडवा हात धरायचा. तोंडात घास असो की शेजाऱ्याशी गप्पा चालू असोत, हाताचं त्यामुळे काही अडत नाही. वेगळी तार, वेगळा निरोप. हे हार्डवेअर फ्लो कंट्रोल. त्या तारांना आरटीएस आणि सीटीएस म्हणतात. दुसरा मार्ग, तोंडाने 'पुरे' म्हणायचं. यात जादा तार लागत नाही, पण तेच तोंड गप्पांसाठीही लागतं. शेजाऱ्याला नुसतं 'पुरे आता ते कारखान्याचं राजकारण' म्हणालात तरी वाढपी परात घेऊन पुढे सरकतो आणि तुमचं पान कोरडं राहतं. हे एक्सऑन-एक्सऑफ. शिवाय पंगतीत बसलेल्या पोराटोरांनाही ठाऊक असलेली एक गोष्ट यंत्र जोडणाऱ्यांना आयुष्यभर कळत नाही. हात आडवा केला तरी वाढप्याच्या हातून सुटलेल्या दोन जिलेब्या पानात पडतातच. म्हणून पान भरल्यावर नव्हे, दोन जिलेब्यांची जागा शिल्लक असतानाच हात आडवा करायचा.

या दोन जिलेब्यांचा हिशेब मशीनचे कंट्रोल बनवणाऱ्या फानुकने आकड्यात करून ठेवलाय. त्यांच्या जुन्या कंट्रोलवर ८७ नंबरचा अलार्म येतो, बफर ओव्हरफ्लो. म्हणजे मशीनने 'थांब' सांगितल्यावरही दहापेक्षा जास्त अक्षरं आली. दहापर्यंत माफी, पुढे अलार्म. हा अलार्म पाहायचा तर साच्याचं काम करणाऱ्या शेडमध्ये जावं. साच्याचा प्रोग्राम लांबलचक आणि जुन्या मशीनची मेमरी तोकडी, म्हणून कॉम्प्युटरने प्रोग्राम थोडा थोडा भरवायचा आणि मशीनने कापत कापत पुढचा मागायचा. याला ड्रिप फीड म्हणतात. पोट भरलं की मशीन थांबायला सांगतं, रिकामं झालं की पुन्हा मागतं. इथे फ्लो कंट्रोल ऐच्छिक विषय नाही, सगळा संसारच त्यावर आहे. आता गंमत अशी, की मशीनचा 'थांब' आला तेव्हा कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर आज्ञाधारकपणे थांबलं, तरी १६५५०च्या पाठवायच्या रांगेत आधीच सोडलेली सोळा अक्षरं असतात. ती निघालेलीच असतात. दहाची माफी, सोळांचा लोंढा. इलाज म्हणजे विंडोजच्या पोर्ट सेटिंगमध्ये जाऊन ती रांग, म्हणजे फिफो, कमी करायची किंवा बंदच करायची. नवी सोय बंद केल्यावर जुनं मशीन सुरळीत चालतं, हे मालकाला समजावणं मात्र कोणत्याही सेटिंगमध्ये बसत नाही.

त्याच मशीनच्या केबलमध्ये आणखी एक करामत असते. पंचवीस पिनांच्या कनेक्टरमध्ये चार आणि पाच एकमेकांना जोडलेल्या, सहा, आठ आणि वीस एकमेकांना जोडलेल्या. चार म्हणजे आरटीएस, 'पाठवू का?' आणि पाच म्हणजे सीटीएस, 'पाठव.' दोन्ही एकाच टोकाला जोडल्या की यंत्र स्वतःच विचारतं आणि स्वतःच परवानगी देतं. आपलाच अर्ज, आपलीच मंजुरी. समोर कोणी आहे की नाही याची चौकशीसुद्धा नाही. ड्रिप फीडमध्ये हे चालून जातं, कारण तिथला खरा 'थांब' एक्सऑफच्या अक्षरातून येतो आणि या पिनांना फक्त गप्प बसवायचं असतं. पण हीच केबल उचलून कोणी दुसऱ्या यंत्राला लावली आणि सेटिंगमध्ये ऐटीत 'हार्डवेअर' निवडलं, तर खिडकीत हार्डवेअर दिसत राहतं आणि प्रत्यक्षात काहीच नसतं.

बिचाऱ्या आरटीएसला दोष देऊन उपयोग नाही. १९६०मध्ये अमेरिकेच्या इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने आरएस-२३२ हे मानक काढलं, तेव्हा ही तार 'थांब' म्हणण्यासाठी नव्हतीच. एका वेळी एकाच दिशेने बोलू शकणाऱ्या मोडेमला कॉम्प्युटरने विचारायचं, मी बोलू का. मोडेमने आपला वाहक सूर चालू करून, जरा थांबून म्हणायचं, बोल. घेणाऱ्या कॉम्प्युटरला 'माझं भरलं, थांब' असं मोडेमला सांगायची सोय मूळ रचनेत नव्हती. ती नंतर लोकांनी त्याच तारेच्या गळ्यात बांधली. पुढे आरएस-४८५ आलं, तेव्हा 'आता बोलायची पाळी, आता ऐकायची' हे ठरवायलाही अनेकांनी तीच आरटीएस वापरली. नाव एक आणि खाती तीन. आपल्या मंत्रिमंडळात ही व्यवस्था नवी नाही, तारेला मात्र त्याचा त्रास होतो.

आता दूध संस्थेची गोष्ट. कोल्हापूर भागातली एक संस्था, नाव सांगत नाही, कारण तिथे पुढची निवडणूक व्हायची आहे. संकलनाचा कॉम्प्युटर, त्याला सीरियल केबलने जोडलेला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. सकाळ-संध्याकाळ पावत्या सुरेख निघायच्या. सभासद नंबर, लिटर, फॅट, दर, रक्कम. दहा दिवसांनी सगळ्या सभासदांचं बिल एकदम छापायला घेतलं आणि गहजब झाला. अडतीस नंबरनंतर थेट एकावन्न. तेही सरळ नाही. अडतीसच्या नावापुढे एकावन्नची रक्कम. मधले बारा जण दूध घालून गायब.

"माझं नाव कुठाय?" एका तात्यांनी विचारलं. दुसऱ्याने यादी बोट लावून वाचली आणि शांतपणे जाहीर केलं, की गेलेली सगळी नावं विरोधी पॅनेलची आहेत. तशी ती नव्हती. चार सत्ताधारी पॅनेलचीही होती. पण ते चौघे काठावरचे असल्याने त्यांची गणना विरोधकांत व्हायला वेळ लागला नाही. चेअरमन म्हणाले, सॉफ्टवेअरवाल्याला बोलवा. सॉफ्टवेअरवाला म्हणाला, स्क्रीनवर सगळी नावं आहेत, प्रिंटर बदला. प्रिंटरवाल्याने प्रिंटरचा सेल्फ टेस्ट काढून दाखवला, तो निर्दोष. अडतीस नंबरचा सभासद, ज्याच्या नावापुढे भलत्याचीच घसघशीत रक्कम लागली होती, तो यंत्रावर पूर्ण समाधानी होता.

"आवो, सकाळच्या पावत्या तर बरोबर येत्यात की!" सचिव पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि नेमकं तेच उत्तर होतं. ९६०० बॉडवर कॉम्प्युटर सेकंदाला ९६० अक्षरं पाठवतो. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर सेकंदाला दोन-तीनशे छापतो, तेही मन लावून छापलं तर. उरलेली त्याच्या बफरमध्ये जाऊन बसतात. एका पावतीची अक्षरं ती किती! ती बफरमध्ये आरामात मावतात. दहा दिवसांचं बिल मावत नाही. बफर भरला की प्रिंटर आपली 'थांब'ची तार खाली ओढतो. पण ती तार कॉम्प्युटरपर्यंत पोहोचलीच नव्हती. केबल उघडली तर आत तीनच तारा. एक पाठवायची, एक घ्यायची, एक ग्राउंड.

केबल भरणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "तीन तारांत काम होतंय, मग बाकीच्या कशाला भरायच्या?"

या वाक्यात आपल्याकडच्या बऱ्याच बांधकामांचा इतिहास आहे. बरं, तो खोटंही बोलत नव्हता. तीन तारांत काम होतंच. थोडं काम तर पूर्ण होतं. शेवटी प्रिंटरच्या वीस नंबरच्या पिनपासून कॉम्प्युटरच्या आठ नंबरच्या, म्हणजे तिथल्या सीटीएसच्या, पिनपर्यंत एक तार टाकली, सेटिंग 'हार्डवेअर' केलं आणि बाराही सभासद संस्थेत परत आले. पॅनेलचा संशय मात्र गेला नाही. हातभर तारेने राजकारण घडू शकतं यावर विश्वास ठेवायला कोणी तयार नव्हतं, आणि निवडणुकीच्या दृष्टीने ते गैरसोयीचंही होतं.

जुन्या पॅरलल पोर्टच्या प्रिंटरला ही भानगड कधी झाली नाही. तिथे 'मी कामात आहे' सांगणारी तार केबलमध्ये असायचीच, सेटिंगमध्ये विचारायचेच नाहीत. सोय न मागता मिळाली की तिचं नावही कोणाला कळत नाही.

एक्सऑन-एक्सऑफची कुळकथा याहून जुन्या वळणाची. १९६३चं टेलिटाइप मॉडेल ३३ हे यंत्र ११० बॉडवर चालायचं, सेकंदाला दहा अक्षरं. त्याला कागदी पट्टी वाचायची सोय होती. आस्कीच्या तक्त्यातलं १७ क्रमांकाचं अक्षर आलं की पट्टी वाचणं सुरू, १९ आलं की बंद. त्याच यंत्रात अक्षरं उमटवणारा भाग ओळीच्या शेवटापासून सुरुवातीला यायला एका अक्षराच्या वेळेहून जास्त वेळ घ्यायचा, म्हणून पुढे मुद्दाम काही न उमटवणारी अक्षरं पाठवायची पद्धत होती. फ्लो कंट्रोल नसलं की माणूस असाच शिष्टाचार पाळतो. समोरच्याला धाप लागली असेल असं गृहीत धरून जरा रेंगाळतो.

टेलिटाइप गेलं, पट्टी गेली. १७ आणि १९ राहिले. इंग्रजी मुळाक्षरांत क्यू सतरावं आणि एस एकोणिसावं, म्हणून कीबोर्डवर ते कंट्रोल-क्यू आणि कंट्रोल-एस झाले. आजही लिनक्सच्या टर्मिनलमध्ये नव्याने आलेला मुलगा सवयीने फाइल सेव्ह करायला कंट्रोल-एस दाबतो आणि स्क्रीन गोठते. एमआयटीतून निघालेल्या ईमॅक्स या एडिटरने शोधायची आज्ञाच कंट्रोल-एसवर ठेवली होती. अशा टर्मिनलवर शोध सुरू करावा तर सगळंच थांबायचं, म्हणून पुढे त्यात खास पर्यायी कळांची सोय करावी लागली.

खरी फजिती फाइल पाठवताना. वॉर्ड ख्रिस्तेन्सेन यांनी १९७७मध्ये लिहिलेला एक्समोडेम १२८ अक्षरांचे गठ्ठे पाठवतो आणि प्रत्येक गठ्ठ्यावर त्याचा क्रमांक तसाच्या तसा एका बाइटमध्ये टाकतो. मधल्या जोडणीत एक्सऑन-एक्सऑफ चालू असेल, तर फाइलमध्ये एकही वावगा बाइट नसला तरी एकोणिसावा गठ्ठा येतो, त्याचा क्रमांक १९ म्हणजेच एक्सऑफ, आणि सगळं ठप्प. बरोबर सव्वादोन किलोबाइटला. त्याहून लहान फाइल टाकून चाचणी घेतली असेल तर चाचणी उत्तीर्ण! पुढे १९८६मध्ये चक फोर्सबर्ग यांच्या झेडमोडेमने ही अक्षरं वेष बदलून पाठवायला सुरुवात केली. तात्पर्य न काढता नियम एवढाच सांगतो, की ज्या डेटात कोणताही बाइट येऊ शकतो तिथे एक्सऑन-एक्सऑफ लावू नये, लावायचंच तर वेष बदलणारा प्रोटोकॉल हवा. साधा मजकूर असेल आणि तारा तीनच मिळणार असतील, तर मात्र त्याच्याइतकं स्वस्त दुसरं काही नाही.

ननपंथीयांवर अन्याय नको. पुष्कळ ठिकाणी त्यांचं बरोबर असतं. जीपीएस ४८०० बॉडवर दर सेकंदाला आपण कुठे आहोत ते सांगतं. एखादं वाक्य हुकलं तर पुढच्या सेकंदाला दुसरं येतंच. मॉडबस या प्रोटोकॉलमध्ये मालकाने विचारल्याशिवाय नोकर बोलत नाही आणि बोलला तरी २५६ बाइटांच्या वर बोलत नाही. तिथे थांबवायचं कोणाला? साखर कारखान्याच्या काट्याचं तर उलटंच आहे. काट्याचा इंडिकेटर वजन सारखं सांगत असतो. हौसेने त्याला थांबवायची सोय केली आणि तो अडवलेली वजनं रांगेत ठेवून मागाहून देऊ लागला, तर काट्यावर दुसरी ट्रॉली उभी राहते आणि स्क्रीनवर पहिलीचं वजन दिसतं. काट्यावर आधीच संशय घेणाऱ्या शेतकऱ्यापुढे हा खुलासा करायची माझी तरी छाती नाही. ताज्या आकड्यालाच किंमत असेल तिथे शिळा आकडा जपून ठेवण्यापेक्षा सांडू द्यावा.

हार्डवेअर फ्लो कंट्रोल हवंच, अशी ठिकाणंही ठरलेली आहेत. नव्वदच्या दशकात मोडेम ओळीवर ३३,६०० बिट पाठवायचा आणि कॉम्प्युटर त्याच्याशी ११५२००ने बोलायचा, कारण मोडेम डेटा दाबून लहान करील हा भरवसा. आधीच दाबलेली झिप फाइल आली की भरवसा संपला आणि मोडेमला सीटीएस खाली ओढावीच लागायची. ब्लूटूथ चिपला यूआर्टवरून जोडायच्या एचफोर या पद्धतीत तर आरटीएस-सीटीएस मानकातच लिहिलंय. बाकी ठिकाणी भविष्य पाहायची गरज नाही, एक गुणाकार करावा. घेणारा जास्तीत जास्त किती वेळ दुसऱ्या कामात अडकू शकतो, त्याला सेकंदाच्या अक्षरांनी गुणायचं. आर्डुइनो उनोला आलेली अक्षरं ठेवायला ६४ बाइट मिळतात. ११५२०० बॉडवर ते साडेपाच मिलिसेकंदांत भरतात. एसडी कार्ड लिहिताना २५० मिलिसेकंदांपर्यंत अडकून राहू शकतं, म्हणजे तेवढ्या वेळात २,८८० अक्षरं येऊन उभी. ६४मध्ये २,८८० बसत नाहीत, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. मग बफर वाढवा, बॉड कमी करा, नाहीतर तार टाका. आणि तार टाकली म्हणून अक्षर चुकायचं थांबत नाही. विजेच्या खडखडाटाने बिघडलेलं अक्षर ओळखायला चेकसम वेगळाच लागतो. फ्लो कंट्रोल फक्त गर्दी आवरतं.

तेव्हा कोणी यंत्र बसवून 'साहेब, बघा चालतंय' म्हणत पावती पुढे करील, तेव्हा सही करू नका. त्याच्याकडून यंत्रातला सर्वांत लांब रिपोर्ट काढून घ्या, तोही यंत्र दुसऱ्या कामात गुंतलेलं असताना. आणि शेवटचं पान पहिल्यापासून वाचा.